आतली घाल

गिरणी सुरू होती आणि नेमकं तेव्हाच सुरेंद्रने नाव सांगितलं. विशालाक्षीला ते ऐकू आलं नाही. झालं ते एवढंच. पण दिवसभर तिच्या डोक्यात तेच दळत राहिलं. कॉफीच्या गिरणीचा आवाज असा, की दुकानात साक्षात देव येऊन उभा राहिला तरी त्याला आपलं नाव दोनदा सांगावं लागेल. आणि ती तर गिरणीच्या पुढ्यातच होती, नळीच्या तोंडाला कागदी पिशवी धरून. मुरली आला होता. मुरली म्हणजे कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानाचा तरणा मालक आणि यंदापासून रस्त्यावरच्या व्यापारी संघाचा चिटणीस. चिटणीस झाल्यापासून तो चालत नसे, धावतच असे. ‘‘मामी, संध्याकाळी स्टेजवर प्रत्येक कडैतून एकालाच बोलवायचं ठरलंय. ज्याची कडै, त्यालाच. तुमच्याकडून कोणाचं नाव पुकारू?’’ त्याने तमिळमध्ये विचारलं; कडै म्हणजे दुकान. विचारताना रीत म्हणून तिच्याकडे पाहिलं आणि सवय म्हणून गल्ल्यावर बसलेल्या सुरेंद्रकडे वळला. तेवढ्यात गिऱ्हाइकाच्या बिया गिरणीत पडल्या. मग जे झालं ते सगळं मुकं झालं. सुरेंद्रचे ओठ हलले. मुरलीने आधी भुवया वर केल्या, मग मान मागे टाकून हसला, तिच्याकडे वळून शाबासकीचा अंगठा वर केला आणि पळाला. गिरणी बंद होईपर्यंत सुरेंद्र चष्मा पुसायला लागला होता, जणू सकाळपासून दुसरं काही केलंच नव्हतं.

‘काय सांगितलंत?’ असं विचारलं असतं तर दोन शब्दांत काम झालं असतं. पण विशालाक्षी ज्या मातीची होती त्या मातीत विचारणं उगवत नाही. मागून घेतला की मान मान राहत नाही, भीक होते, असं तिचे वडील म्हणायचे. आणि वडिलांचं तिने बाकी काही घेतलं नसलं तरी हे ताठ मानेचं हाड मात्र घेतलं होतं. तिने पिशवीचं तोंड दुमडलं, दोरा गुंडाळला, गिऱ्हाइकाला दिली आणि नवऱ्याला म्हणाली, ‘‘चिकोरी संपत आलीय.’’ तो म्हणाला, ‘‘सरि,’’ म्हणजे बरं. त्यांच्या घरात मोठमोठी वादळं अशी चिकोरीवरून यायची आणि ‘सरि’वर निवायची.

प्रकार असा होता. बायपासवर काचेचा मोठा मॉल उभा राहिला तेव्हापासून तंजावरच्या राजवाड्याजवळच्या या जुन्या रस्त्याला जरा ओहोटी लागली होती. पोरंसोरं तिकडे थंड हवेत हिंडायची, आणि बाकीचं सामान फोनवर बोट ठेवलं की दारात. म्हणून संघाने फेब्रुवारीच्या चौदा तारखेची संध्याकाळ धरली. रस्ता गाड्यांना बंद, दुकानं सगळी उघडी, मध्ये स्टेज, मुलांना खेळ, घरोघरच्यांनी सहकुटुंब यायचं. नाव ठेवलं ‘अन्बु मालै’. तमिळमध्ये मालै म्हणजे संध्याकाळही आणि माळही, तेव्हा प्रेमाची संध्याकाळ म्हणा की प्रेमाची माळ म्हणा, मुरलीला दोन्ही चालत होतं. दोघा-तिघा म्हाताऱ्या व्यापाऱ्यांनी नाक मुरडलं होतं, की हे असले दिवस आपल्यात कशाला, पोरं-पोरी हातात हात घालून नाचतील. त्यावर मुरलीने ठणकावून सांगितलं होतं, की आजोबांनी आजीचा हात धरून यावं, त्याला कोण नाही म्हणतो? आजोबांना बिचाऱ्यांना हात कुठला धरायचा हेच आठवेना, म्हणून ते गप्प बसले. समोरच्या श्रीविद्याने तर आपल्या बांगड्यांच्या दुकानाच्या दारावर लाल कागदाच्या बदामांचं तोरण लावलं होतं, इतकं दाट की मागचा पिळ्ळैयार त्यातून सोंड तेवढी बाहेर काढून बसला होता.

दुपारी रस्ता पेंगतो त्या वेळी विशालाक्षीने डब्याचं स्टीलचं झाकण तोंडासमोर धरलं आणि हळूच म्हणून पाहिलं, ‘सुरेंद्र’. ओठांचा चंबू झाला. मग म्हणाली, ‘विशालाक्षी’. खालचा ओठ दातांना लागला. सकाळी त्याच्या ओठांचा काय झाला होता? चंबू. तो तिने स्पष्ट पाहिला होता, चाळीस पावलांवरून सुद्धा ओळखला असता, कारण या माणसाचं तोंड इतक्या वेळा बंदच पाहिलं होतं की उघडलं म्हणजे लक्षात राहायचं. पण मग ते इतका वेळ का हलत होतं? सुरेंद्र म्हणायला केवढा वेळ लागतो? तिने पुन्हा झाकण उचललं. ‘तुळजाजी सुरेंद्र.’ आधी बापाचं नाव, मग आपलं, जसं इकडे सगळे लिहितात तसं. तुळजाजी म्हणजे तिचे सासरे, त्यांनी दुकान काढलं, पाटीवर अजून त्यांचंच नाव होतं. ‘तु’ला चंबू, ‘सु’ला चंबू. जुळलं. झाकणात तिचा चेहरा पसरट आणि लांबट दिसत होता, आणि जुळल्याचा त्याला काही आनंद झालेला दिसत नव्हता.

आणि त्यात वावगं काय होतं? तिनेच स्वतःला विचारलं. दुकान तुळजाजींचं, तो तुळजाजींचा मुलगा. कागदावर कोणाचं आहे हे तर उघडच होतं. पण कागद काही पहाटे उठून पिंप पेटवत नाही. सुरेंद्र सरकारी कचेरीत महसूल खात्यात नोकरी करत होता, सकाळी डबा घेऊन जायचा आणि दिवेलागणीला यायचा. दुकान चालवायच्या त्या सासूबाई, भवानीअम्मा, आणि त्यांच्यामागे ही. भाजायचं पिंप फिरवून तिच्या उजव्या खांद्याला एक कायमची कळ लागली होती, ती पाऊस हवामान खात्याच्या आधी सांगायची. बिया तडकायला लागल्या की पहिला आवाज आणि दुसरा आवाज यांच्यामध्ये कुठे थांबायचं, हे तिला नाक सांगायचं. मग सुरेंद्र निवृत्त झाला, एका सोमवारी धुतलेला सदरा घालून गल्ल्यावर येऊन बसला, आणि बसला तो बसलाच. त्याने काही बळकावलं नाही. पंख्याखाली एकच खुर्ची होती आणि तो वयाने मोठा होता. पण गिऱ्हाइकं आत शिरता शिरता ‘नमस्कारम सार’ म्हणायला लागली. बिया संपल्या का ते त्याला विचारू लागली, आणि तो मान वळवून तिला विचारायचा, आणि तिने सांगितलेलं तो त्यांना सांगायचा. मधल्यामध्ये ती कॉफीकडै मामी होती ती मामी राहिली, कडै तेवढी त्याच्याकडे गेली. हे तिला कधी बोचलं नव्हतं, किंवा बोचलं असेल तर गिरणीच्या आवाजात ऐकू आलं नव्हतं. आज सकाळी गिरणी थांबली आणि ते ऐकू आलं. तिला हवं होतं. एवढं वय झाल्यावर, केस पांढरे झाल्यावर, तिला हवं होतं की भर रस्त्यात, सगळ्यांदेखत, तिचं नाव कोणीतरी मोठ्याने घ्यावं. या हवेपणाची तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून रागही आला, आणि राग नवऱ्यावर काढायचा तर त्याने काय केलं हेच ठाऊक नव्हतं.

ती या घरात आली ती ओरत्तनाडुहून. भाताची शेतं, पाटाचं पाणी, नारळाच्या ओळी, आणि घरी सकाळी ताक किंवा पेज. कॉफी पाहुण्यांपुरती, तीही गुळाची. तंजावरच्या राजरस्त्यावरच्या या कॉफीवाल्यांच्या घरात तिने पहिल्या दिवशी फिल्टरच्या वरच्या भांड्यातली पूड चमच्याने ढवळली. झालं! डिकाशन गढूळ, भवानीअम्मांचं कपाळ आठ्यांनी भरलेलं, आणि नणंदा पदर तोंडाला लावून हसतायत. ‘‘ओरत्तनाडुची आहे हो,’’ सासूबाई म्हणाल्या. तेव्हापासून ते शेपूट चिकटलं. दूध उतू गेलं, ओरत्तनाडुची. बी जळली, ओरत्तनाडुची. पायरीवरून घसरून पडली तरी ओरत्तनाडुची, जणू ओरत्तनाडुत पायऱ्याच नसतात. कोणी दुष्टपणाने म्हणत नसे, हसत हसतच म्हणत; पण हसत मारलेली चापटी गालाला चापटीच लागते. एकदा तिने बिया भाजताना स्वतःच्या मनाने पिंप लवकर उतरवलं आणि त्या दिवशीची कॉफी इतकी सुरेख झाली, की दोन गिऱ्हाइकं परत आली, ‘कालचीच द्या’ म्हणून. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘‘विशाला शिकली.’’ चांगलं झालं तेव्हा विशाला, बिघडलं तेव्हा ओरत्तनाडुची. हा हिशेब तिला तेव्हाच कळला होता.

पण त्या दुकानातली खरी गोष्ट पाटीवर नव्हती, ती आतल्या खोलीत होती. दुकानात डबे दोन. एक बाहेरचा, फळीवर, सगळ्यांना दिसणारा. त्यात आदल्या दिवशीची भाजणी, चांगलीच असायची, तिला कोणी नाव ठेवलं नव्हतं. दुसरा आत, देवाच्या तसबिरीखाली. त्यात त्याच पहाटेची, हाताने निवडलेल्या गोल दाण्यांची. ती घरासाठी. आणि क्वचित, फार क्वचित, दुकानात कोणी असं यायचं की भवानीअम्मा त्याच्याकडे जरा वेळ बघायच्या आणि सुनेला मराठीत, घरच्या भाषेत, म्हणायच्या, ‘‘आतली घाल.’’ बाळंतपणाला माहेरी आलेल्या पोरीसाठी तिचा बाप पूड न्यायला आला, आतली घाल. शाळेतली वाद्यार बाई निरोपाच्या दिवशी आली, आतली घाल. भाव तोच, डबा दुसरा. ज्याला मिळाली त्याला कधी कळायचं नाही. घरी जाऊन दवऱ्यात, कॉफीच्या पसरट वाटीत, ओतल्यावर त्याला वाटायचं, आज दूध चांगलं आलंय. मागून ती कोणाला मिळत नसे, कारण अशी काही आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. सगळा रस्ता तमिळ बोलायचा, आणि मराठी ही त्या दुकानाची कुलपाची भाषा होती. फक्त एकदा, सोलापूरकडचं एक कुटुंब राजवाडा बघून दमून कॉफी घ्यायला शिरलं, आणि भवानीअम्मांना त्यांच्यातल्या म्हातारीची दया येऊन त्या म्हणाल्या, ‘‘आतली घाल,’’ तशी म्हातारी कडाडली, ‘‘आतली म्हणजे? मग बाहेरची कसलीये?’’ भवानीअम्मांचं तोंड जे पडलं ते दोन दिवस वर आलं नाही. जाताना त्या लोकांनी कौतुकही केलं, की तुमची मराठी किती जुनी, ऐकायला गोड वाटते. ते गेल्यावर सासूबाई फणकारल्या होत्या, ‘‘जुनी? रोज बोलतों कीं!’’

आणि सून म्हणून आलेली विशालाक्षी स्वतः कुठल्या डब्यातली पीत होती? बाहेरच्या. ते कोणी ठरवलं नव्हतं. नव्या सुनेला आतल्या डब्याला हात लावायचा नाही एवढंच होतं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिचे वडील गेले. ओरत्तनाडुहून दिवस उरकून ती परत आली ती थेट दुकानातच, कारण घरात शिरायचा रस्ता दुकानातूनच होता. येऊन गोणीवर बसली. भवानीअम्मा फिल्टर भरत होत्या, दारात दोन गिऱ्हाइकं उभी होती, सुरेंद्र कचेरीतून नुकताच आला होता. नवराबायकोंनी एकमेकांकडे बघायचीही चोरी असायची, असे ते दिवस. तो आईकडे पाठ करून चपला काढत होता, आणि चपलांकडे बघतच म्हणाला, ‘‘आई, तिला आतली घाल.’’ भवानीअम्मांचा हात फळीवर गेलेला होता तो तसाच थांबला. मग त्या आत गेल्या. ती कॉफी विशालाक्षीने प्याली, तिचा वास आज एवढ्या वर्षांनीही तिला नाकाच्या मुळाशी येतो, जरा भाजलेल्या खोबऱ्याचा आणि जरा ओल्या मातीचा. त्यानंतर सुरेंद्र तिला असलं काही कधी म्हणाला नाही. तीही म्हणाली नाही. संसाराच्या एवढ्या लांब वाटेवर एकदाच भरलेली शिदोरी, पण ती पुरली, हे तिला कबूल करावंच लागे. मग आज पुरेनाशी का झाली?

उन्हं उतरली तशी सुरेंद्रने स्वतः इस्त्री फिरवलेला पांढरा सदरा घातला, जरीकाठी वेष्टी नेसली, आणि आरशात पाहून विभूती सारखी केली. ते पाहून तिने ओळखलं. म्हणजे तेच. तयारीच चाललीय. तिने सकाळी कपाटातून काढून ठेवलेली आंब्याच्या रंगाची रेशमी साडी परत आत ठेवली, आणि मग, कोणावर रागावून माहीत नाही, पुन्हा काढून नेसली. ‘‘मी स्टेजपाशी येत नाहीं,’’ ती निऱ्या खोचत म्हणाली. ‘‘दुकान कोण पाहील? तुम्ही जाऊन या.’’ सुरेंद्रने तिच्याकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं. ‘‘सरि,’’ तो म्हणाला. ‘‘दोघं इथेंच राहूं. इथूनही ऐकू येतें.’’

रस्ता भरला. गाड्या नव्हत्या म्हणून माणसांचे आवाज पहिल्यांदाच पूर्ण ऐकू येत होते. बापांच्या खांद्यावर पोरं, पोरांच्या हातात लाल फुगे, जाईच्या गजऱ्यांचे ढीग, भांड्यांच्या दुकानापुढे रांगोळीची चढाओढ, आणि पापनाशमहून बसने आलेली एक भली मोठी म्हातारी दर दुकानापुढे थांबून ‘इथे फुकट काय?’ म्हणून विचारत होती. इथे कॉफी फुकट होती. मोठ्या पितळी फिल्टरमधून डिकाशन गळत होतं, बाहेरच्या डब्यातलं अर्थातच, आणि सुरेंद्र ओतून देत होता, तिने पुढे सारलेल्या पेल्यांत. श्रीविद्या स्टेजवर जाऊन आली होती. मुरलीने प्रत्येकाला एकच काम दिलं होतं: आजचा दिवस आहे, आपल्या माणसाला घरच्या भाषेत एक वाक्य सांगा. श्रीविद्याने नवऱ्याला तमिळमध्ये सांगितलं होतं की घोरणं कमी करा, आणि रस्ता हसून लोळला होता. रेशमाच्या दुकानातला म्हातारा सौराष्ट्रीत काहीतरी म्हणाला आणि खाली त्याच्या बायकोने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. विशालाक्षी पेले मांडत होती. एकेक दुकान पुढे सरकत होतं, आणि तिच्या उजव्या खांद्यातली कळ पाऊस नसताना जागी झाली.

‘‘आता,’’ मुरलीचा आवाज लाउडस्पीकरमधून आला, आणि तो जरा थांबला, जसा मोठ्या कलावंताला बोलवायच्या आधी थांबतात तसा. ‘‘ओरत्तनाडु विशालाक्षी!’’

तिने आधी मान वर करून कोण गाणारी आलीय ते पाहिलं. तंजावरच्या कोणत्याही माणसाने तेच केलं असतं. या मुलखात गाव आधी आणि नाव मागून लावतात ते विद्वानांना. नागस्वरवाल्याला, मृदंगवाल्याला, जिच्या गळ्यासाठी माणसं दहा कोस चालत येतात तिला. गाव नावापुढे बसलं म्हणजे त्या गावाने आपलं नाव त्या माणसाच्या हवाली केलं. ओरत्तनाडुची आणि आपल्याच नावाची कोणी गाणारी आहे हे आपल्याला कसं ठाऊक नाही, एवढा विचार तिने पुरा केला, आणि मग तिच्या लक्षात आलं की श्रीविद्या टाळ्या वाजवत तिच्याकडेच बघतेय, आणि पलीकडचा भांडीवाला, आणि पापनाशमची म्हातारीसुद्धा. ओ. ओरत्तनाडुचा ओ. त्यालाही चंबूच होतो! दिवसभर झाकणासमोर तिने सगळं म्हणून पाहिलं होतं, हे एकच म्हणून पाहिलं नव्हतं. ती नवऱ्याकडे वळली. सुरेंद्र कॉफीच्या धारेकडे बघत होता, कान लाल झाले होते. ‘‘जा,’’ तो धारेलाच म्हणाला. ‘‘भाजणी तूच करितेस. विद्या आहे ती. मग गाव लावून नको का बोलवायला?’’ आणि मग आणखी हळू, ‘‘सदरा त्यासाठीच घातला.’’

ती कशी गेली ते तिला नंतर आठवलं नाही. पायाखाली रांगोळी आली होती आणि कोणीतरी ‘मामी, बाजूने’ म्हणालं होतं, एवढं आठवलं. ओरत्तनाडुची! ज्या शब्दाने दूध उतू जायचं आणि बी जळायची, तो शब्द हा माणूस इतकी वर्षं कानाआड ठेवून बसला होता, आणि आज त्याने तो धुऊन, इस्त्री करून, भर रस्त्यात तिच्या खांद्यावर शालीसारखा घातला होता. ती स्टेजवर ताठ उभी राहिली. वडिलांचं हाड कामी आलं. खाली सगळा रस्ता होता, आणि त्यात एकही तोंड असं नव्हतं की ज्याच्या घरची सकाळ तिच्या हाताखालून गेली नव्हती. मुरलीने माइक पुढे केला. ‘‘मामी, सारना एक वाक्य. तुमच्या मराठीत.’’

वाक्य! तिने मनात हात घातला. त्यांच्या घरात त्या गोष्टीला शब्द नव्हता. प्रेम हा शब्द तिने ऐकला होता, पण तो दुसऱ्याच्या घरच्या भांड्यासारखा वाटायचा, वापरायला संकोच. लांब, दुकानाच्या पायरीवर, पांढऱ्या सदऱ्यातला तो म्हातारा रिकामा पेला हातात धरून तिच्याकडे बघत होता, जन्मात पहिल्यांदा चारचौघांत, न चोरता. आणि मध्ये हे सगळे लोक, इतकी वर्षं आदल्या दिवशीची पिऊन तिला चांगली म्हणणारे, आत्ता तिच्यासाठी टाळ्या वाजवणारे. तिचं तोंड आपोआप उघडलं, दुकानातलं तोंड, गिरणीवर आवाज चढवायची सवय असलेलं. माइकची गरजच नव्हती. ‘‘अहो,’’ ती ओरडली, ‘‘आतली घाला! सगळ्यांस!’’

सुरेंद्रने हातातला पेला पायरीवर ठेवला. ‘‘काय म्हणाल्या, सार?’’ मुरलीने तिथूनच विचारलं, आणि कोणीतरी दुसरा माइक त्याच्या तोंडाशी नेऊन धरला. आता या माणसाची पंचाईत बघा. खरा अर्थ सांगावा, तर सगळ्या रस्त्याला कळणार की दुकानात दोन डबे आहेत आणि आपण इतकी वर्षं दुसऱ्या नंबरचा डबा पीत आलो. न सांगावा, तर मुरली सोडणार नाही. त्याने घसा खाकरला, कचेरीत साहेबापुढे खाकरायचा तसा, आणि तमिळमध्ये गंभीरपणे म्हणाला, ‘‘आमच्यांत आय लव यू असंच म्हणतात.’’

रस्ता जो उसळला! पोरांनी फुगे उडवले, भांडीवाल्याने हंड्यावर ठेका धरला, आणि मुरली कसला सोडतोय, त्याने लहान-मोठ्यांकडून एका सुरात ते म्हणवून घेतलं. पण तमिळ जिभेला मधला ‘त’ धड सापडत नाही, तो ‘द’ होऊन पडतो, आणि ‘घ’चा तर पत्ताच नाही. ‘‘आदली गाल!’’ सगळा रस्ता ओरडला. ‘‘आदली गाल!’’ सुना सासऱ्यांदेखत नवऱ्यांना ओरडून सांगत होत्या, आजोबा आजींना सांगत होते. आदली घाल. कालची घाल. एवढी माणसं जीव तोडून बाहेरच्याच डब्यातली मागत होती, आणि त्याचा अर्थ त्या गर्दीत फक्त दोघांना कळत होता. स्टेजवर विशालाक्षीने पदर तोंडाला लावला. पायरीवर सुरेंद्र पोट धरून खाली बसला. त्याला असं हसताना तिने कधी पाहिलं नव्हतं. तो खोटं बोलला होता का? चपलांकडे बघत म्हटलेलं ते वाक्य तिला आठवलं, आणि तो इतकं खरं आजवर बोलला नव्हता असं तिने ठरवून टाकलं.

ती परत आली तोवर दुकानापुढे रांग लागली होती. सगळ्यांत पुढे श्रीविद्या, हातात पेला, डोळ्यांत खट्याळपणा. ‘‘अक्का, आदली गाल!’’

सुरेंद्रचा एक हात फळीवरच्या डब्यावर होता, दुसरा आतल्या खोलीच्या दारावर. ‘‘काय करूं?’’ त्याने मराठीत विचारलं. ‘‘त्या तर आदली मागताहेत. आणि आतला डबा एवढ्यांस पुरायचा नाहीं.’’

‘‘पिंप पेटवा. पुरवूं,’’ विशालाक्षी म्हणाली. रेशमी साडीचा पदर तिने कमरेला खोचला. मग श्रीविद्याकडे वळली, जीभ वरच्या दातांमागे टेकवून तिला दाखवली, जशी लहान मुलाला दाखवतात. ‘‘त. आ-त-ली. म्हण.’’

श्रीविद्याने दोनदा चुकून तिसऱ्यांदा बरोबर म्हटलं, आणि मागच्या माणसाला शिकवलं. सुरेंद्रने आतला डबा बाहेर आणून सगळ्यांदेखत फळीवर ठेवला आणि पिंपाखाली जाळ केला. थोड्या वेळाने बिया तडकायला लागल्या, आणि विशालाक्षी मान कलती करून ऐकत उभी राहिली. भाजणीचा वास रस्त्याच्या दोन्ही टोकांना गेला. पापनाशमची म्हातारी शेवटची बस सोडून रांगेत परत येऊन उभी राहिली, आणि त्या संध्याकाळी बाहेरचा डबा पुन्हा कोणी उघडला नाही.